मुख्य विषय निवडण्यापूर्वीची कलचाचणी: अहवालाचे नेमके करायचे काय?

चौकस यांचा प्रश्न

आमच्या महाविद्यालयात विद्यार्थी पहिल्या वर्षी निरनिराळे विषय शिकतात आणि वर्षअखेरीस पदवीचा मुख्य विषय ठरवतात. हा निर्णय घेण्यापूर्वी प्रत्येकाची कलचाचणी घ्यावी असा प्रस्ताव पुढे आला असून तिची आखणी माझ्याकडे सोपवली आहे. मी भूगोल शिकवते. मानसशास्त्राचे माझे शिक्षण झालेले नाही, म्हणून जाणकारांकडून नीट समजून घेऊनच पुढे जावे असे वाटते.

चाचपणी म्हणून काही इच्छुक विद्यार्थ्यांना अमेरिकेच्या कामगार खात्याने तयार केलेली, विनामूल्य उपलब्ध असलेली ओ-नेट अभिरुची चाचणी दिली. तिच्यात कामांची 60 वर्णने आहेत. प्रत्येक काम किती आवडेल हे पाच पर्यायांतून सांगायचे असते आणि शेवटी सहा क्षेत्रांत 0 ते 40 यांदरम्यान गुण मिळतात. चाचणी सुरळीत पार पडली, अडचण अहवाल हाती आल्यावर सुरू झाली. एका विद्यार्थ्याला सहाही क्षेत्रांत जवळजवळ सारखेच आणि बेताचे गुण मिळाले, आणि आपल्याला कशाचीच आवड नाही असा त्याने समज करून घेतला. जीवशास्त्र घ्यायचे जवळपास निश्चित केलेल्या एका विद्यार्थिनीला शोधक क्षेत्रात कमी व सामाजिक क्षेत्रात पुष्कळ गुण मिळाले. अहवालाने अध्यापन आणि समाजकार्य सुचवले असून ती आता विषय बदलण्याच्या विचारात आहे. तिसऱ्याच्या यादीत अभियांत्रिकी वरच्या क्रमांकावर आली आणि तो अगदी निर्धास्त झाला, मात्र गणित त्याला वर्षभर जड गेले आहे.

अशा चाचणीवर किती विसंबावे, कोणत्या प्रकारची चाचणी निवडावी आणि या तिघांशी काय बोलावे, याबद्दल मार्गदर्शन हवे आहे. काही सहकारी सोळा व्यक्तिमत्त्व प्रकारांची चाचणी सुचवत आहेत आणि एकाने तर बोटांच्या ठशांवरून कल सांगणाऱ्या अहवालाचाही आग्रह धरला आहे.

मापपट्टी यांचे उत्तर

चौकस, आपण तिन्ही उदाहरणे तपशिलाने दिलीत हे फार चांगले केलेत, कारण अभिरुची चाचणीचे निकाल जिथे चुकीचे वाचले जातात त्या तीन मुख्य जागा त्यांत आल्या आहेत.

अभिरुची चाचणी आवड मोजते, अभियोग्यता चाचणी विशिष्ट प्रकारचे काम शिकण्याची क्षमता मोजते, मूल्यांची प्रश्नावली माणसाला कामाकडून काय हवे आहे ते विचारते आणि व्यक्तिमत्त्व चाचणी स्वभावाबद्दल बोलते. आपण वापरलेल्या चाचणीतील साठही वर्णनांवर विद्यार्थ्याला एकच प्रश्न विचारलेला असतो, तो म्हणजे हे करायला आवडेल का. जमेल का, हे ती कुठेही विचारत नाही. त्यामुळे तिसऱ्या विद्यार्थ्याच्या अहवालात गणिताविषयी एका अक्षराचीही माहिती नाही, आणि ती आहे असे समजून निर्धास्त होण्याला काही आधार नाही.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्यामुळे चाचणीची जागा कळते. फ्रँक पार्सन्स यांनी 1908 मध्ये बॉस्टन येथे व्यवसाय मार्गदर्शनाचे कार्यालय सुरू केले. त्यांनी निवडीचे तीन भाग मांडले होते: स्वतःची ओळख, व्यवसायांची माहिती आणि या दोहोंच्या संबंधाचा तर्कशुद्ध विचार. पुढे एडवर्ड स्ट्राँग यांनी 1927 मध्ये आपली अभिरुची सूची प्रसिद्ध केली. एखाद्या व्यवसायात रमलेल्या लोकांच्या आवडीनिवडी सर्वसाधारण लोकांपेक्षा कुठे वेगळ्या आहेत ते पाहायचे आणि विद्यार्थ्याच्या आवडी त्यांच्याशी ताडून बघायच्या, ही त्यांची पद्धत होती. जॉन हॉलंड यांनी 1959 मध्ये मांडलेल्या सिद्धान्तातून सहा क्षेत्रांची चौकट तयार झाली: हातांनी व यंत्रांनी करायची वास्तववादी कामे, शोधक, कलात्मक, सामाजिक, उद्यमशील आणि नोंदी-हिशेबासारखी शिस्तबद्ध कामे. आपली चाचणी याच चौकटीवर उभी आहे. एवढ्या प्रवासात पार्सन्स यांच्या तीन भागांपैकी पहिलाच भाग चाचण्यांनी उचलला, तोही अंशतः; बाकीचे दोन माणसांनाच करावे लागतात.

आता विसंबण्याबद्दल. आवडी बऱ्यापैकी टिकाऊ असतात. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणानुसार, म्हणजे अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून केलेल्या अभ्यासानुसार, किशोरवयात त्यांची स्थिरता फारशी बदलत नाही आणि साधारण 18 ते 22 या वयात ती लक्षणीय वाढते, म्हणजे आपल्या विद्यार्थ्यांच्या वयात चाचणी घेण्यात अर्थ आहे. आवड आणि क्षेत्र यांची जुळणी अभ्यासातील व कामातील कामगिरीशी आणि टिकून राहण्याशी निगडित असते, हेही 2012 च्या अशाच विश्लेषणात दिसले. समाधानाच्या बाबतीत मात्र चित्र फिके आहे. 2020 च्या विश्लेषणात अशी जुळणी आणि नोकरीतील समाधान यांच्यातील सहसंबंध 0.19 निघाला (0 म्हणजे संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण संबंध). त्याचा वर्ग केला तर समाधानातील फरकांपैकी जेमतेम 4 टक्के फरक या जुळणीशी निगडित ठरतात. तेव्हा हा विषय घेतलास तर सुखी होशील, असे कोणत्याही अहवालाच्या आधारे सांगता येत नाही.

अहवालातील क्रम हा दुसरा सापळा आहे. समजा, एखाद्या क्षेत्राच्या गुणांची विश्वसनीयता (मापनातील सातत्य; 1 म्हणजे अचूक) 0.84 आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप) 8 आहे. मग प्रत्येक गुणाची प्रमाण त्रुटी, म्हणजे मापनामुळे गुण साधारणपणे जेवढा मागेपुढे होऊ शकतो तो आकडा, 3.2 येते आणि दोन क्षेत्रांच्या गुणांतील फरकाची साधारण 4.5. सामाजिक 27, शोधक 24 आणि कलात्मक 23 असे गुण असतील, तर त्यांचा हा क्रम पुढच्या आठवड्यात सहज उलटासुलटा होऊ शकतो. संगणक मात्र सर्वाधिक गुणांच्या तीन क्षेत्रांच्या आद्याक्षरांचा संकेतांक काढून विषयांची यादी देतो, आणि अक्षरांची अदलाबदल झाली की यादीही बदलते. म्हणून चारपाच गुणांपेक्षा कमी फरक असेल तिथे ती क्षेत्रे सारखीच धरावीत आणि दोन्ही क्रमांच्या याद्या पाहाव्यात.

सोळा प्रकारांच्या चाचणीत गुणांची पट्टी मधोमध कापून दोन गट पाडले जातात. मध्यरेषेच्या किंचित अलीकडची आणि किंचित पलीकडची अशा दोन व्यक्ती जवळजवळ सारख्या असूनही विरुद्ध प्रकारांत जातात, आणि काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा दिल्यावर पुष्कळांचा प्रकार बदलतो तो यामुळेच. तिच्या प्रकाशकांची स्वतःची भूमिकाही ती नोकरभरतीसाठी वापरू नये अशीच आहे. विषयनिवडीसाठी मी ती वापरणार नाही. बोटांच्या ठशांचा आणि आवडीचा किंवा बुद्धीचा संबंध दाखवणारा शास्त्रीय आधार नाही, त्यामुळे तो अहवाल घेऊ नये. असे अहवाल लोकांना पटतात त्याचे कारण बर्ट्रम फोरर यांनी 1948 मध्येच दाखवले होते. त्यांनी आपल्या 39 विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाचे वर्णन म्हणून एकच मजकूर दिला. तो स्वतःला किती लागू पडतो यासाठी विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले.

सुसंवादी यांचे उत्तर

मी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे समुपदेशन करते. मापपट्टी यांच्या मांडणीशी मी सहमत आहे. मला जीवशास्त्राच्या विद्यार्थिनीबद्दल अधिक बोलायचे आहे, कारण तिने विषय बदलला तर तो अहवालातील एका बेरजेमुळे बदलला जाईल आणि त्या बेरजेच्या आत काय आहे हे कोणीच पाहिलेले नसेल.

तिच्याबरोबर बसा आणि शोधक क्षेत्राची दहा वर्णने एकेक करून वाचा. त्यांत नवे औषध विकसित करणे, रासायनिक प्रयोग करणे, सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचे नमुने तपासणे, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करणे आणि रोगनिदानासाठी चाचण्या करणे अशी पाच वर्णने आहेत, म्हणजे निम्मी यादी प्रयोगशाळेभोवती फिरते. उरलेल्यांत जलप्रदूषण कमी करण्याचे मार्ग अभ्यासणे, ग्रहांच्या गतीचा अभ्यास, आगीचे कारण शोधणे, हवामानाचा अधिक अचूक अंदाज बांधण्याची पद्धत विकसित करणे आणि साखरेला पर्याय शोधणे ही आहेत. पक्ष्यांच्या नोंदी घेणे, वनस्पती ओळखणे, एखाद्या पाणथळ जागेवर ऋतुमानानुसार लक्ष ठेवणे यांपैकी काहीही तिथे नाही. मोकळ्या निसर्गात चालणारे जीवशास्त्र ज्या मुलीला हवे आहे, तिला या यादीत कमी गुण मिळणे अगदी शक्य आहे.

माझ्याकडे अशीच एक विद्यार्थिनी आली होती. प्रयोगशाळेच्या पाचही वर्णनांपुढे तिने आवडणार नाही अशी खूण केली होती, आणि जलप्रदूषण व हवामान यांपुढे खूप आवडेल अशी. प्रयोगशाळा का नको, असे विचारल्यावर तिने शाळेतील अनुभव सांगितला: प्रयोग प्रत्यक्ष होत नसे, फळ्यावर लिहून दिलेले आकडे निरीक्षणतक्त्यात उतरवायचे आणि निष्कर्षही तोच लिहायचा. तिने नाकारले होते ते हे तक्ते भरणे. खरा प्रयोग तिने केलेलाच नव्हता. मी तिला विषय कोणता घ्यायचा हे सांगितले नाही. एका प्राध्यापकांच्या नदीपाहणीत काही काळ सामील हो आणि तेथून आणलेल्या नमुन्यांचे प्रयोगशाळेत पुढे काय होते तेही पाहा, एवढे सुचवले. नमुना स्वतः गोळा केलेला असला की तो तपासण्याचा कंटाळा येत नाही हे तिच्या लक्षात आले आणि तिने जीवशास्त्रच ठेवले. हेच काम करून ते नकोसे झाले असते, तर तो नकारही मी तितक्याच गांभीर्याने घेतला असता, कारण मग तो अनुभवातून आलेला असता.

आपल्या विद्यार्थिनीचे सामाजिक गुणही असेच उलगडून पाहावेत. त्या यादीत मुलांना खेळ शिकवणे, श्रवणदोष असलेल्यांना खुणांची भाषा शिकवणे, लोकांना वैयक्तिक अडचणींत मदत करणे अशी कामे आहेत. माणसांना उपयोग होईल असे काही करण्याची ओढ आणि जीवशास्त्र यांत विरोध नाही. सार्वजनिक आरोग्य, आहारशास्त्र, पुनर्वसन उपचार, विज्ञानाचे अध्यापन या ठिकाणी दोन्ही एकत्र येतात.

सपाट आलेख, म्हणजे सहाही क्षेत्रांत सारखेच गुण, आलेल्या विद्यार्थ्याबद्दल सांगायचे तर हॉलंड यांच्या चौकटीत क्षेत्राक्षेत्रांत फरक न पडण्याची दखल घेतलेली आहे. सगळे गुण उंच असतील तर खरोखर अनेक आवडी असू शकतात, किंवा प्रत्येक ठिकाणी होकार देण्याची सवय असू शकते. सगळे बेताचे असतील तर बहुधा त्या कामांचा अनुभवच नसतो, म्हणून मुले मधला पर्याय निवडत जातात. त्याला हे सांगा की चाचणीला त्याच्याबद्दल वेगळे काही आढळले नाही, आणि निष्कर्ष तिथेच थांबतो. मात्र एक गोष्ट जरूर तपासा. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतूनही त्याचे मन उडाले असेल, झोप किंवा भूक बदलली असेल, तर विषयनिवड बाजूला ठेवून प्रथम त्याच्या मनःस्थितीकडे लक्ष द्यावे आणि गरज वाटल्यास तज्ज्ञांकडे पाठवावे.

चाचणीनंतर काय करावे यावर 2000 साली ब्राऊन आणि रायन क्रेन यांनी केलेले काम मला रोज उपयोगी पडते. पुष्कळ अभ्यास तपासून त्यांनी मार्गदर्शनाचा परिणाम वाढवणारे पाच घटक वेगळे काढले: विद्यार्थ्याने स्वतः लिहून काढणे, निकालाचा अर्थ वैयक्तिक भेटीत समजावणे, कामाच्या जगाची माहिती, त्या वाटेने गेलेल्यांची उदाहरणे आणि भोवतालचा पाठिंबा. आपल्याकडे वेळ व मनुष्यबळ मर्यादित असेल तर वैयक्तिक भेट आणि लेखन या दोन गोष्टी तरी सोडू नका. नुसता अहवाल ई-मेलने पाठवायचा असेल, तर चाचणी न घेतलेली बरी असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरे वर्ष यांचे उत्तर

मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे. माझ्याही अहवालात सामाजिक क्षेत्र सर्वांत वर होते आणि त्यानुसार सुचवलेला विषय मी घेतला. तो मला आवडतो. तरीही एक गोष्ट सांगावीशी वाटते: अहवाल व्यवसायाबद्दल बोलतो आणि विद्यार्थ्याला पुढची काही वर्षे काढायची असतात ती विषयाबरोबर. लोकांशी बोलण्याची आवड म्हणून मानसशास्त्राला आलेल्या माझ्या अनेक वर्गमैत्रिणींना संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती यांचे इतके तास असतील याची कल्पना नव्हती. निवड करण्यापूर्वी दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम वाचायला द्यावा, मागील वर्षीचा एखादा खरा स्वाध्याय दाखवावा आणि वरच्या वर्गाच्या एकदोन तासांना बसू द्यावे. मला याचा जेवढा उपयोग झाला तेवढा अहवालाचा झाला नाही.

चौकस

तिघांचेही मनापासून आभार. प्रत्येक वर्णन उलगडून पाहण्याची सूचना मला लगेच अमलात आणता येईल. आणखी दोन शंका आहेत. यांत्रिक कामांच्या क्षेत्रात मुलींचे गुण आणि सामाजिक क्षेत्रात मुलांचे गुण सरसकट कमी दिसतात. हे जसेच्या तसे स्वीकारावे का? आणि चाचणी सर्वांना सक्तीची करावी का, पालकांना अहवाल द्यावा का?

मापपट्टी यांचे उत्तर

पहिल्या शंकेबद्दल लिहितो. हा फरक खरा आणि मोठा आहे. 2009 मध्ये 47 अभिरुची सूचींतील 5 लाखांहून अधिक व्यक्तींच्या उत्तरांचे एकत्रित विश्लेषण झाले. वस्तूंबरोबरचे काम की माणसांबरोबरचे काम, या अक्षावर स्त्री-पुरुषांच्या सरासरीत 0.93 प्रमाण विचलनाएवढा फरक आढळला. मात्र ही गटांची सरासरी आहे. समोर बसलेल्या एका मुलीने काय निवडावे हे तिच्यातून निघत नाही. शिवाय हा फरक का पडतो हे गुण सांगत नाहीत. ज्या मुलीच्या हाती कधी पाना-पक्कड दिलेच नाही, तिने यंत्रदुरुस्तीपुढे मधली खूण केली तर तिच्यात आवड आणि अपरिचय दोन्ही मिसळलेले असतात. बेट्झ आणि हॅकेट यांनी 1981 मध्ये दाखवले की पुरुषांची मानली गेलेली क्षेत्रे विद्यार्थिनी विचारातही घेत नाहीत, त्यामागे आपल्याला ते जमेल हा विश्वास कमी असणे हे एक महत्त्वाचे कारण असते. स्ट्राँग यांच्या सूचीचे पुरुषांसाठी व स्त्रियांसाठी वेगळे नमुने होते आणि ते 1974 पर्यंत एकत्र झाले नव्हते, यावरून हा प्रश्न किती जुना आहे ते दिसेल.

व्यवहारात कच्चे गुण आणि स्वतःच्या गटाच्या तुलनेतील पर्सेंटाइल (गटातील किती टक्के जणांपेक्षा गुण जास्त आहेत तो आकडा) हे दोन्ही उपलब्ध असतील तर दोन्ही पाहावेत. कच्चे गुण मध्यम पण इतर मुलींच्या तुलनेत 85 वा पर्सेंटाइल, असे दिसले तर ती खूण महत्त्वाची आहे. परिस्थितीने फारसे उत्तेजन दिले नसतानाही तिथे आवड तग धरून आहे. अशा वेळी अवकाशीय क्षमतेची अभियोग्यता चाचणी जोडावी, कारण आकृती मनात फिरवून पाहण्याची क्षमता शालेय गुणपत्रिकेत क्वचितच उमटते. अमेरिकेत 1960 मध्ये सुमारे 4 लाख विद्यार्थ्यांची चाचणी घेऊन सुरू झालेल्या प्रोजेक्ट टॅलेंट या पाहणीच्या पुढील विश्लेषणांत, विज्ञान व अभियांत्रिकीकडे वळलेल्यांमध्ये ही क्षमता भाषिक व गणिती क्षमतांव्यतिरिक्त स्वतंत्रपणे महत्त्वाची ठरल्याचे दिसले आहे.

सुसंवादी यांचे उत्तर

सक्ती चाचणीची करू नये, भेटीची करावी. प्रत्येक विद्यार्थ्याने निर्णयाच्या काही आठवडे आधी अर्धा तास कोणाशी तरी नीट बोलावे आणि ज्याला हवी असेल त्याने चाचणी द्यावी, अशी रचना मला योग्य वाटते. अहवाल उघडण्यापूर्वी त्याच्याकडून मनातले तीन विषय कारणांसह लिहून घ्या. माणसाने स्वतः सांगितलेली पसंती ही चाचणीइतकीच बोलकी असते आणि दोन्ही जुळतात तेव्हा अंदाज अधिक पक्का असतो. जुळत नसतील, तर ती विसंगती हाच भेटीचा विषय ठेवावा. आधी अहवाल दाखवला की मुले स्वतःची कारणे अहवालाच्या भाषेत सांगू लागतात, आणि मग त्यांचे मूळ म्हणणे शोधून काढणे फार अवघड होते.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याशी गणितावर थेट बोलावे, पण धाक घालून नव्हे. त्याचे तपासलेले पेपर मागवून घ्या. पायाभूत भाग कच्चा आहे, सराव कमी पडला की अमूर्त मांडणीच डोक्यात शिरत नाही, हे पेपरांवरून बऱ्याच अंशी कळते आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा असतो. सुट्टीत एखादा पूरक वर्ग करून पाहा आणि त्यानंतर ठरव, असे त्याला सुचवता येईल. त्याच्या बाबतीत वेळेचेही भान हवे, कारण गणितावर उभ्या असलेल्या विषयांत एका सत्राचा पाया सुटला की पुढची सत्रे बंद होतात, आणि इतिहासासारख्या विषयाकडून तिकडे वळणे उलट दिशेच्या प्रवासापेक्षा कठीण असते. म्हणून ज्यांचे मन दोलायमान आहे त्यांनी पहिल्या वर्षी गणित चालू ठेवावे असे मी सुचवते.

निवड बदलण्याची वाटही आतापासूनच आखून ठेवा. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या 2017 च्या अहवालानुसार 2011-12 मध्ये प्रवेश घेऊन मुख्य विषय जाहीर केलेल्या पदवी विद्यार्थ्यांपैकी सुमारे 30 टक्के विद्यार्थ्यांनी तीन वर्षांच्या आत तो एकदा तरी बदलला होता. गणितापासून सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण 52 टक्के होते. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रानंतर आणखी एक भेट ठेवलीत तर बदल वेळेत आणि कमी नुकसानीत होईल.

पालकांना अहवाल परस्पर पाठवू नये. तो विद्यार्थ्याचा आहे आणि त्याने तो घरी दाखवायचे ठरवले तर सोबत एक पानाचे स्पष्टीकरण द्यावे: या गुणांत बुद्धी किंवा क्षमता मोजलेली नाही, थोड्या फरकाला महत्त्व नाही आणि यादीत नसलेला विषय वर्ज्य नाही. विद्यार्थ्याची इच्छा असेल तर पालकांना घेऊन एकत्र भेट करावी, आणि त्या भेटीत अहवालाबद्दल पहिल्यांदा विद्यार्थ्यालाच बोलू द्यावे.